प्रयोगाआधी लिहून ठेवलेले भाकीत

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘काली’ या नावाने ओळखली जाणारी जी यंत्रमालिका गेल्या काही दशकांत क्रमाक्रमाने उभी राहिली, तिच्याविषयी आपल्या वृत्तपत्रांतून आणि अलीकडे हातोहाती फिरणाऱ्या संदेशांतून जे वाचावयास मिळते, त्यात शत्रूची क्षेपणास्त्रे अंतराळातच निष्प्रभ करणाऱ्या एखाद्या गुप्त किरणास्त्राची रसभरित वर्णनेच अधिक असतात. त्या यंत्रासमोर दिवसच्या दिवस बसणाऱ्या शास्त्रज्ञाच्या मनात जो प्रश्न सतत घोळत असतो, त्याचा मात्र त्या वर्णनांत कोठे मागमूसही आढळत नाही. किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर हे तिचे दप्तरी नाव. सेकंदाच्या सुमारे एक कोट्यंश इतक्या अवधीत इलेक्ट्रॉनांचा प्रचंड लोट प्रकाशाच्या वेगाजवळ नेऊन सोडणे हे तिचे कार्य. त्या लोटातून क्ष-किरण किंवा प्रबल सूक्ष्मतरंग निर्माण करणे हा तिचा उपयोग. आणि संगणकावर मांडलेले गणित व यंत्राने दाखविलेला आलेख या दोहोंची सांगड बसते की नाही, बसत असेल तर ती कोणत्या कारणाने बसते, हा अशा यंत्रांच्या अभ्यासकांचा नित्याचा प्रश्न.

या प्रश्नाचा निकाल तज्ज्ञांनी आपसांत लावावा, सामान्य वाचकाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या काळात धरणाच्या भिंतीपासून पर्जन्याच्या अंदाजापर्यंत आणि अणुभट्टीच्या सुरक्षिततेपासून अण्वस्त्राच्या खात्रीपर्यंत सर्वत्र ‘संगणकाने असे दाखविले आहे’ हे वाक्य पुराव्यादाखल पुढे केले जाते, त्या काळात त्या वाक्याची किंमत नेमकी किती धरावी हे ठरविण्याचा अधिकार कर भरणाऱ्या नागरिकाकडेही आहे. माझे म्हणणे असे की, गणित प्रयोगाशी जुळले या विधानाला, ते गणित प्रयोगाच्या आधी लिहून, तारीख घालून, दप्तरी दाखल केलेले असल्यावाचून, पुराव्याचा दर्जा देऊ नये. आणि ज्या संस्था सार्वजनिक पैशावर चालतात त्यांनी हा दंडक आपण होऊन स्वतःला लावून घ्यावा. स्पंदित इलेक्ट्रॉन त्वरकाचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण जुळणे आणि जुळविणे यांतील अंतर तेथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

यंत्राची रचना थोडीशी समजून घेतल्याखेरीज या आग्रहाचे कारण ध्यानात यावयाचे नाही. अर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याने १९२४ साली एक युक्ती मांडली: अनेक धारित्रे समांतर जोडून बेताच्या विद्युत्‌दाबाने भारावीत, आणि मग त्यांच्यामधल्या ठिणगीच्या फटी एकदम पेटून तीच धारित्रे एकापुढे एक अशी जोडली जावीत, म्हणजे प्रत्येकाच्या दाबाची बेरीज होऊन लक्षावधी व्होल्ट हाती येतात. मात्र मार्क्सच्या जनित्रातून निघणारा स्पंद या कामाच्या मानाने मंद आणि पसरट असतो. म्हणून तो ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, तेलाने किंवा पाण्याने भरलेल्या एकात-एक नळकांड्यांच्या मार्गिकेत सोडतात, तेथे तो आखूड व ठाशीव होतो, आणि मग निर्वात पोकळीतील दोन विद्युदग्रांवर जाऊन पडतो. इंग्लंडातील अल्डरमास्टन येथे चार्ली मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात या युक्त्यांची जोड घालून हे शास्त्र उभे केले, आणि पुढे जेथे जेथे अशी यंत्रे झाली तेथे तेथे त्यांच्या कामाचा ठसा उमटला. १० लाख व्होल्ट आणि १० हजार अँपिअर यांचा स्पंद १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा बरोबर एक कोट्यंश, टिकला तर त्याची शक्ती १० अब्ज वॅट भरते. आणि तरीही त्यातील एकंदर ऊर्जा अवघी १,००० ज्यूल असते, जिने पाव लिटर पाणी जेमतेम एक अंश तापावे. एवढ्या अल्प अवधीत सर्व काही घडून संपून जाते. मागे राहतात त्या केवळ ऑसिलोस्कोपवर उमटलेल्या चार-दोन रेषा, आणि त्या रेषांवरून आत काय घडले असेल याचा पाठ लावावयाचा असतो.

सारे गूढ त्या दोन विद्युदग्रांमधील बोट-दीड बोट रुंदीच्या फटीत आहे. ऋणाग्र तापवून इलेक्ट्रॉन काढण्याची जुनी रीत येथे पुरी पडत नाही. सायबेरियातील तोम्स्क येथे गेन्नादी मेस्याट्स यांनी सहकाऱ्यांसह १९६० च्या दशकात ज्या स्फोटक उत्सर्जनाचा अभ्यास केला, त्याच्यावर या यंत्रांची भिस्त असते: विद्युत्क्षेत्र पुरेसे तीव्र झाले की धातूच्या किंवा ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म टोके काही नॅनोसेकंदांत तापून फुटतात, त्यांच्या वाफेचा प्लाझ्मा होतो, आणि तो प्लाझ्मा मग मागाल तितके इलेक्ट्रॉन देऊ लागतो. पुष्कळ ठिकाणी ऋणाग्रावर चक्क मखमलीचे कापड चिकटवितात, कारण तिच्या तंतूंवरून हा प्लाझ्मा कमी दाबाला आणि अधिक समप्रमाणात पेटतो. कोट्यवधी डॉलर खर्चून उभारलेल्या त्वरकाच्या मुखाशी शिंप्याच्या दुकानातले कापड असावे, यात मला तरी या शास्त्राचा सच्चेपणा दिसतो.

‘मागाल तितके’ असे मी म्हटले खरे, परंतु फटीत शिरलेले इलेक्ट्रॉन आपल्याच ऋण भाराने मागून येणाऱ्यांना अडवितात, आणि म्हणून प्रवाहाला एक कमाल मर्यादा पडते. क्लेमेंट चाइल्ड यांनी १९११ साली आणि आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१३ साली ती मर्यादा सूत्रबद्ध केली. तिचे सार इतकेच की फट निम्मी केली तर प्रवाह चौपट होतो. ५ लाख व्होल्ट आणि २ सेंटिमीटर फट असेल तर ढोबळमानाने प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे २०० अँपिअर मिळतात. आता या हिशेबात एक खोच आहे. ऋणाग्रावरचा प्लाझ्मा जागच्या जागी बसून राहत नाही. तो दर मायक्रोसेकंदाला २ ते ३ सेंटिमीटर या वेगाने धनाग्राकडे सरकतो. १०० नॅनोसेकंदांत तो अडीच मिलिमीटर पुढे आला, तर २ सेंटिमीटरची फट पावणेदोनची होते. अंतर अवघे एक अष्टमांश घटले, पण प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. इलेक्ट्रॉनांची शलाका चालू असतानाच यंत्राचा एक भाग आपली जागा सोडतो आहे, आणि ज्या गणितात ऋणाग्राची जागा कायम धरलेली आहे ते गणित स्पंदाच्या अखेरीस ३० टक्के चुकणार, ही गोष्ट येथे साध्या पाटीपेन्सिलीने दिसते.

मग संगणक काय करतो? ऑस्कर ब्यूनमन यांनी १९५९ च्या सुमारास आणि जॉन डॉसन यांनी १९६२ साली जी पद्धत रुजविली, तीच मूलतः आजही चालते. पोकळीचे लहान लहान चौकटींत विभाजन करावयाचे, त्या चौकटींत इलेक्ट्रॉनांचे प्रतिनिधी सोडावयाचे, त्यांच्यामुळे होणारे क्षेत्र काढावयाचे, त्या क्षेत्रात ते प्रतिनिधी किंचित पुढे सरकवावयाचे, आणि पुन्हा क्षेत्र काढावयाचे. वरच्या उदाहरणातील १० हजार अँपिअरच्या स्पंदात सुमारे सहा हजार लक्ष कोटी इलेक्ट्रॉन असतात. गणितात दहा लाख प्रतिनिधी घेतले, तर एकेक प्रतिनिधी सहा अब्ज इलेक्ट्रॉनांच्या वतीने बोलतो. चौकट अर्ध्या मिलिमीटरची धरली, तर कालाचे एक पाऊल साधारणपणे एका पिकोसेकंदाहून मोठे टाकता येत नाही, कारण एका पावलात प्रकाशाने चौकट ओलांडून पलीकडे जाता कामा नये असा कूरँट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ साली घालून दिलेला निर्बंध आहे. म्हणजे १०० नॅनोसेकंदांसाठी एक लाखाहून अधिक पावले, आणि प्रत्येक पावलाला दहा लाख प्रतिनिधींची विचारपूस. हे सर्व आजचा संगणक निमूटपणे करतो, आणि मॅक्सवेलची समीकरणे त्यात इतक्या इमानाने पाळली जातात की शलाकेचे वळणे, पिळणे, तिच्यामध्ये आभासी ऋणाग्र तयार होऊन तिचे स्पंदन पावणे ही सर्व दृश्ये पडद्यावर पाहताना मन खरोखर विस्मित होते. या पद्धतीविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे, हे पुढचे वाचताना वाचकांनी विसरू नये.

परंतु ज्या प्लाझ्म्यावर सर्व भिस्त आहे, तो या गणितात बहुधा नसतोच. त्याची घनता इतकी मोठी आणि त्याच्या अंगची नैसर्गिक लांबी इतकी सूक्ष्म असते की अर्ध्या मिलिमीटरच्या चौकटीत तो मावत नाही, आणि चौकट तितकी बारीक करू गेल्यास गणित वर्षानुवर्षे संपणार नाही. सबब त्याच्या जागी एक हुकूम लिहिला जातो: अमुक क्षेत्र ओलांडले की या पृष्ठभागाने मर्यादेइतका प्रवाह द्यावा. कोठे अधिक बारकाईने काम करणारा संशोधक त्या पृष्ठभागाला एक वेगही देतो, म्हणजे फट मिटत जाते. हा वेग कोठून आला? तो मूळ समीकरणांतून निघालेला नसतो. हाताने घातलेला असतो. आणि आकड्याला हात लावण्याची मुभा एकदा मिळाली की मनुष्यस्वभाव आपले काम करतो. प्रयोगाचा आलेख समोर टांगलेला असतो, गणिताचा आलेख शेजारी असतो. २ सेंटिमीटर प्रति मायक्रोसेकंद घेतले तर रेषा किंचित खाली राहते, ३ घेतले तर वर जाते, अडीच घेतले की एकीवर एक बसते. आणि मग निबंधात वाक्य येते की गणित आणि प्रयोग यांच्यात उत्तम मेळ आढळला. त्या वाक्यात खोटे काही नाही. पण त्यातून वाचकाची जी समजूत होते, ती मात्र खरी नाही.

याचे कारण असे की तोच आलेख दुसऱ्या कारणानेही जुळविता येतो. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने धनाग्रही तापते, त्याच्या पृष्ठभागावर शोषलेले वायू सुटतात, त्यांचा प्लाझ्मा होतो, आणि त्यातून धन आयन उलट्या दिशेने ऋणाग्राकडे निघतात. हे आयन इलेक्ट्रॉनांच्या ऋण भाराची काही अंशी भरपाई करतात आणि प्रवाहाची मर्यादा वर उचलतात. आयन मुबलक असतील तर ती मर्यादा १.८६ पट होते, असे लँगम्यूर यांनीच १९२९ साली दाखवून दिले. म्हणजे प्रवाहात ३० टक्के वाढ दिसली, तर फट मिटत आली असे म्हणता येईल, किंवा आयन सुटू लागले असेही म्हणता येईल. दोन्ही कैफियतींसाठी एकेक आकडा हाताशी आहे, आणि दोन्ही आकडे फिरवून रेषेवर रेषा बसविता येते. जुळलेल्या आलेखाला या दोहोंपैकी खरे कोणते ते सांगता येत नाही.

भाकीत मात्र ते सांगू शकते. फट २ सेंटिमीटरऐवजी ४ सेंटिमीटर करा, बाकी सर्व तेच ठेवा, आणि शॉट, म्हणजे यंत्राचा एक स्पंद, डागण्यापूर्वी कागदावर लिहा. प्लाझ्मा त्याच वेगाने सरकत असेल, तर त्याचे अडीच मिलिमीटर आता एक षोडशांश भरतील आणि प्रवाहातील वाढ १४ टक्क्यांच्या आसपास उतरेल. वाढीचे कारण आयन असतील आणि त्यांचा पुरवठा तसाच राहिला असेल, तर वाढ फटीच्या रुंदीची फारशी पर्वा न करता पूर्वीच्याच आकड्याजवळ राहील. एक शॉट, दोन निरनिराळी उत्तरे, आणि आकडा बदलण्याची सोय संपलेली. प्रत्यक्षात दोन्ही कारणे थोडीथोडी एकत्र असतात आणि प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते, हे मला ठाऊक आहे. पण गुंता जितका अधिक, तितकी उत्तर आधी मुक्रर करून ठेवण्याची निकड अधिक.

प्रयोगाच्या बाजूने बोलणारे लोक येथे खूश होतील, म्हणून त्यांच्याही हिशेबाकडे पाहिले पाहिजे. यंत्राने दाखविले ते सत्य आणि संगणकाने सांगितले ती अटकळ, अशी सरळ वाटणी करता येत नाही. फटीवरचा विद्युत्‌दाब कोणी थेट फटीत जाऊन मोजत नाही. तो काही अंतर मागे, नळकांड्याच्या भिंतीशी बसविलेल्या मापकाने मोजतात, आणि मधल्या मार्गाच्या प्रवर्तकत्वामुळे पडणारा फरक मागाहून वजा करतात. ते प्रवर्तकत्व १०० नॅनोहेन्री आहे आणि १० हजार अँपिअरचा प्रवाह २० नॅनोसेकंदांत चढला असे धरले, तर हा फरकच ५० हजार व्होल्ट होतो. प्रवर्तकत्वाच्या अंदाजात पाचवा हिस्सा चूक झाली, तर स्पंदाच्या आरंभी दाब १० हजार व्होल्टांनी चुकतो. आणि नेमका तोच क्षण प्लाझ्मा पेटण्याचा, सर्वांत महत्त्वाचा असतो. प्रवाह मोजणारे रोगोव्स्कीचे वेटोळे हे १९१२ पासूनचे विश्वासू साधन, पण ते आपल्या वेढ्यातून जाणारा एकूण प्रवाह सांगते. त्यातील किती शलाकेत गेला आणि किती ऋणाग्राच्या दांड्यावरून बाजूच्या भिंतीकडे झिरपला, हे ते सांगत नाही. म्हणजे प्रयोगाचा आकडादेखील काही गृहीतांवर उभा असलेला एक हिशेबच असतो. म्हणून तुलना करावयाची तर संगणकातल्या पोकळीतही तोच मापक, त्याच जागी, त्याच दोषांसह बसवावा, आणि दोन्हीकडचे कच्चे संकेत शेजारी ठेवावेत. हे अनेक चांगल्या प्रयोगशाळांतून केले जाते. सर्वत्र केले जात नाही.

गणिताची खरी परीक्षा आधी केलेल्या भाकिताने होते, याचे दाखले इतिहासात आहेत, आणि त्यांपैकी एक फार बोलका आहे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे ३ किलोमीटरहून अधिक लांबीचा इलेक्ट्रॉन त्वरक १९६६ साली चालू झाला. ३-३ मीटरांचे ९६० विभाग एकापुढे एक जोडून तो बांधला होता, आणि शलाका दीड-पावणेदोन मायक्रोसेकंदांच्या स्पंदांनी धावत असे. प्रवाह वाढवीत नेताच असे दिसू लागले की स्पंदाचा पुढचा भाग शेवटच्या टोकाला सुखरूप पोहोचतो आणि मागचा भाग वाटेतच नाहीसा होतो. एकेका विभागात शलाकेला आडवे ढकलणारे तरंग जागे होऊ शकतात, हे त्या वेळी ज्ञात होते. परंतु एका विभागातली क्षुल्लक थरथर शलाकेच्याच मार्फत पुढच्या विभागाला पोहोचते, तेथे ती वाढते, आणि शेकडो विभागांनंतर शलाका भिंतीवर जाऊन आदळते, ही साखळी यंत्र चालू होण्याआधी पुरेशी ध्यानात आली नव्हती. यंत्राने ती दाखविली. मग संस्थेचे संचालक वोल्फगँग पानोफ्स्की यांनी व इतरांनी तिचे गणित मांडले, आणि त्या गणिताने उपाय सुचविला: केंद्रीकरणाची चुंबके बळकट करावीत, आणि काही विभागांच्या भिंतींना बाहेरून हलके खळगे पाडावेत, म्हणजे सर्व विभाग एकाच सुरात थरथरणार नाहीत. खळगे पाडले, आणि गणिताने सांगितल्याप्रमाणे प्रवाहाची मर्यादा वर गेली. माझ्या दृष्टीने त्या गणिताची सिद्धता या दुसऱ्या घटनेत आहे, पहिल्या घटनेच्या स्पष्टीकरणात नाही. स्पष्टीकरण घडून गेलेल्याचे होते, खळगे मात्र पुढे घडावयाच्या गोष्टीवर लावलेली पैज होते.

वॉशिंग्टन येथील नौदल संशोधन प्रयोगशाळेतील ‘इलेक्ट्रा’ हा लेसर हे याहून अलीकडचे आणि अधिक सुखद उदाहरण. तेथे सुमारे ५ लाख व्होल्टांची आणि १ लाख अँपिअरची रुंद इलेक्ट्रॉन शलाका दर सेकंदाला पाच वेळा एका पातळ धातुपत्र्यातून लेसरच्या वायूत सोडतात. तो पत्रा वायूच्या दाबाने फाटू नये म्हणून त्याला आडव्या बरगड्यांचा आधार द्यावा लागतो, आणि त्या बरगड्यांवर पडलेले इलेक्ट्रॉन वाया जातात. उपाय असा योजिला की ऋणाग्रच पट्ट्यापट्ट्यांचे करावे, म्हणजे शलाका बरगड्यांच्या मधूनच जाईल. परंतु चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक पट्टीची शलाका थोडी वळते व सरकते. तेव्हा ती बरगड्यांशी समांतर होऊन पोहोचावी म्हणून ऋणाग्रावरच्या पट्ट्या आरंभीच उलट दिशेने तिरप्या बसवाव्या लागतात. येथे त्रिमितीय गणित कामी आले आणि प्रयोगाने त्याची पाठराखण केली. मात्र प्रत्येक पट्टीच्या कडेवरून प्रवाह अधिक सुटतो आणि शलाकेला एक नकोशी झालर लागते, हा प्रश्न उरला, आणि तो सोडविण्यासाठी कडांच्या क्षेत्राला आकार देणारी जोड बसवावी लागली. गणित पुढे गेले, प्रयोगाने त्याला थांबविले, गणिताने पुन्हा वाट काढली. दोघांनी एकमेकांची अशी खातरजमा करीत राहावे, इतकीच माझी अपेक्षा आहे.

न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस येथील दोन शाखांच्या क्ष-किरण यंत्राची कथा वेगळ्या प्रकारची आहे. अमेरिकेने १९९२ नंतर भूमिगत अणुचाचण्या बंद केल्या, आणि अस्त्रांची खात्री संगणकाच्या गणितावर सोपविली. त्या गणिताला निदान अंशतः तरी प्रत्यक्षाचा आधार असावा म्हणून, स्फोटाने आत कोसळणाऱ्या नकली गाभ्याचे क्ष-किरण छायाचित्र घेणारे हे यंत्र बांधले. म्हणजे एका गणिताची परीक्षा घेण्यासाठी उभारलेले हे यंत्र स्वतः दुसऱ्या गणितावर उभे होते. त्याच्या दुसऱ्या शाखेत २ हजार अँपिअरची शलाका १.६ मायक्रोसेकंद टिकवून तिचे चार तुकडे पाडावयाचे होते, आणि एवढ्या दीर्घ स्पंदात शलाका डळमळून फुटेल की काय, या शंकेवर पुष्कळ गणित व पुष्कळ छोटे प्रयोग झाले. शलाका डळमळली नाही. त्या बाबतीत गणित खरे ठरले. परंतु यंत्र उभे झाल्यावर शलाकेला वेग देणाऱ्या पेट्यांच्या आतच उच्च दाबाखाली विद्युत्‌भेदन होऊ लागले, त्या पेट्यांची फेररचना करावी लागली, आणि चारही स्पंद हाती येण्यास २००८ साल उजाडले. ज्या प्रश्नाची भीती होती त्याचे उत्तर संगणकाने चोख दिले; जो प्रश्न त्याला कोणी नीट विचारलाच नव्हता, तेथे वर्षे गेली. तेल, प्लास्टिक आणि सांध्यांतील हवेचे बुडबुडे यांच्या वागणुकीचे समीकरण अद्याप कोणी लिहिलेले नाही, आणि म्हणून अशा ठिकाणी प्रत्यक्ष पेटी बांधून, तिला फुटेपर्यंत ताण देऊन पाहण्याला पर्याय नाही.

आपल्या देशाचा या सर्वाशी संबंध दूरचा नाही. १३ मे १९९८ रोजी पोखरणच्या दुसऱ्या फेरीनंतर सरकारने जे निवेदन केले, त्यात या चाचण्यांतून संगणकीय गणितासाठी अधिक माहिती मिळविण्याचा उद्देश स्पष्ट शब्दांत नमूद होता, आणि त्यानंतर आपली भिस्त त्या गणितावर आहे. पुण्यातील सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला तेव्हापासून गणनशक्तीत आपण लांबचा पल्ला गाठला. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन मोहिमेसाठी ४,५०० कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. या तरतुदीला माझी हरकत नाही. ती योग्यच होती. माझी काळजी निराळी आहे. संगणक एकदा आला की त्याच्यावर गणित करणे दिवसेंदिवस स्वस्त होत जाते, आणि प्रयोग दिवसेंदिवस महाग होत जातो. तेल बदलावे लागते, धारित्रे फुटतात, निर्वात पंप दुरुस्तीला जातात, आणि रोगोव्स्कीचे वेटोळे स्वतःच्या हाताने गुंडाळून त्याचे अंशांकन करणारा कारागीर निवृत्त झाला की त्याच्या जागी माणूस मिळत नाही. अशा वेळी अंदाजपत्रक करणाऱ्या अधिकाऱ्याला प्रयोगशाळेची कात्री सर्वांत सोपी वाटते. शिवाय होतकरू संशोधकाला पडद्यावर तीन महिन्यांत निबंध हाती येतो, आणि यंत्रावर तीन वर्षे जातात. तो कोणती वाट धरील हे सांगावयास नको, आणि त्याला दोष देणेही न्याय्य नाही.

म्हणून शिफारस करावयाची ती नुसत्या सदिच्छेची करून भागणार नाही. प्रयोगाच्या प्रत्येक मोठ्या मोहिमेआधी गणिताचे भाकीत, त्यातील प्रत्येक हाताने घातलेल्या आकड्यासह आणि चुकीच्या अपेक्षित मर्यादेसह, प्रयोग चालविणाऱ्या गटाच्या दिमतीस नसलेल्या एखाद्या समितीकडे रुजू करावे. आकडे जुळवून पाहण्यासाठी काही शॉट अवश्य राखून ठेवावेत, कारण जुळवाजुळवीशिवाय कोणतेच गणित प्रथम उभे राहत नाही. पण ते शॉट कोणते आणि परीक्षेचे कोणते, याची वाटणी आधी व्हावी. भाकीत फसले तर त्या फसण्याचा अहवाल, यशाच्या अहवालाइतक्याच मानाने, संस्थेच्या दप्तरात आणि शक्य तेथे नियतकालिकात प्रसिद्ध व्हावा. आज फसलेली तुलना खणात पडून राहते, आणि दहा वर्षांनी दुसरा संशोधक त्याच खड्ड्यात पुन्हा पडतो.

यावर गोपनीयतेचा आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. संरक्षणाशी निगडित यंत्रांची भाकिते चव्हाट्यावर मांडता येणार नाहीत. पण त्यासाठी बंद लखोटा पुरेसा आहे. तो खात्याच्याच दुसऱ्या शाखेकडे ठेवावा, शॉट झाल्यावर दोन्ही गटांसमक्ष उघडावा, आणि तफावतीचा तपशील खात्याच्या दप्तरी राहावा. बाहेरच्या जगाला आकडे कळण्याची गरज नाही, ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना मात्र कळलेच पाहिजेत. दुसरा आक्षेप असा की या शिस्तीने कामाचा वेग मंदावेल. थोडा मंदावेल, हे कबूल आहे. परंतु वर्षभर शॉट घेऊन शेवटी दोन कैफियतींपैकी खरी कोणती हे न कळण्यापेक्षा, एक दिवस थांबून भाकीत लिहिणे हा स्वस्त व्यवहार आहे.

आणि ही सवय मोठ्या यंत्रांवर एकाएकी लागणार नाही. ती विद्यार्थिदशेत लागावी लागते. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात स्पंदित शलाका देणारा ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा मायक्रोट्रॉन आहे, आणि त्याच्यावर पदार्थविज्ञानाच्या कितीतरी प्रबंधांचे काम झालेले आहे. अशा यंत्रांवर, किंवा त्याहूनही साध्या साधनांवर, काम करणाऱ्या एम.एस्‌सी.च्या विद्यार्थ्याने संगणकावर काढलेले उत्तर, त्यात धरलेली गृहीते आणि चुकीची मर्यादा प्रयोगाच्या आदल्या दिवशी नोंदवहीत शाईने लिहावीत, त्याखाली मार्गदर्शकाची तारीखवार सही घ्यावी, आणि परीक्षकांनी गुण देताना भाकीत खरे ठरले की नाही हे न पाहता, तफावतीची कारणमीमांसा किती कसून केली आहे हे पाहावे. याला नवी इमारत लागत नाही, नवे अनुदान लागत नाही. अभ्यासमंडळाचा एक ठराव पुरतो, आणि तो पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर घेता येण्यासारखा आहे.